मलावीला लिहिलेली पत्रं

बाबा हापसे दुरुस्त करायचे. शाळेच्या फॉर्मवर वडिलांचा व्यवसाय लिहायची वेळ आली की मी ‘सरकारी नोकरी’ असं लिहून मोकळी होई, कारण आमच्या वर्गातल्या निम्म्या मुलींचे वडील बँकेत होते आणि उरलेल्यांचे कॉलेजात शिकवत होते. बाबा हातपंप दुरुस्तीच्या पथकात मेकॅनिक होते. सोमवारी पहाटे पथकाची जीप यायची आणि ते वेल्ह्याकडे, पुरंदरकडे, कुठे कुठे जायचे, ते शनिवारी दुपारी परत. आल्यावर आई त्यांच्या हातावर आधी रॉकेल ओतायची, मग राख, मग साबण, तरी ग्रीसचा वास जायचा नाही. त्या हातांनी ते माझ्या वेणीला लावायला रिबिनी आणायचे नाहीत की चिक्की आणायचे नाहीत, खिशातून एखादं झिजलेलं चामड्याचं वायसर काढून दाखवायचे आणि म्हणायचे, “एवढ्याशासाठी अख्खं गाव तीन महिने ओढ्यावर जात होतं.” मला त्याचं काही वाटायचं नाही. आई मात्र ते वायसर हातात घेऊन बघत बसायची.

आम्ही शनिवार पेठेत बापटांच्या छापखान्याच्या वर दोन खोल्यांत भाड्यानं राहायचो. खाली दिवसभर ट्रेडल मशीन चालायचं. त्याची धडधड जमिनीतून पायात यायची आणि फडताळातले पेले एकमेकांना लागून किणकिणायचे. वीज गेली की मशीन थांबायचं आणि घरात अचानक इतकी शांतता पसरायची की आई हातातलं काम टाकून खिडकीशी जायची, कुणाला काही झालं की काय बघायला. बापटकाका पेठेतलेच, बोलायला तिखट. ‘पत्रिकेतील शुद्धलेखनाच्या चुका सुधारून मिळतील. लग्नातील नाहीत.’ अशी पाटी त्यांनी स्वतः रंगवून लावली होती. आम्ही यवतमाळकडचे. आईच्या बोलण्यात ‘काहून’ आलं की शेजारच्या लेलेकाकू हसू दाबायच्या, पण शनिवारी आई वडाभात करायची आणि त्यावर गरम तेलाची मिरचीची फोडणी घालायची, त्या वेळी वाटी घेऊन त्याच पहिल्या दारात असायच्या. “फार तिखट करता बाई तुम्ही,” म्हणायच्या, आणि वाटी पुढे करायच्या.

मलावीचं नाव आमच्या घरात कसं आलं, हे मला नीट सांगता येत नाही. परदेशातली एक संस्था होती, खेड्यापाड्यांत पाण्याची कामं करणारी. तिची माणसं पथकाबरोबर आठ दिवस फिरली होती. तिकडे आफ्रिकेत आपल्यासारखेच हापसे बसवलेत, पण ते बिघडले की दुरुस्त करणारं जवळपास कुणी नाही, म्हणून शिकवणारा माणूस हवाय, असं त्यांचं म्हणणं. शिकवायचं गावातल्या बायकांना, कारण पाणी भरतात त्याच. दोन वर्षं. राहण्याजेवण्याची सोय, वर जेमतेम काही. बाबांनी हे घरी सांगितलं तेही अशा स्वरात, की नकार देऊन आलोय. आई भाकरी थापत होती. तिनं विचारलं, “आणि काहून नाही म्हटलं?”

आईला एक मोठी बहीण होती, सरू. उन्हाळ्यात विहिरीच्या तळाशी उतरून वाटीनं पाणी भरताना कडेचा दगड सुटला आणि सरू गेली. आई तेव्हा वर दोर धरून उभी होती, आठ वर्षांची. हे मला आईनं कधी सांगितलं नव्हतं, त्या दिवशी बाबांना सांगताना मी ऐकलं, आणि बाबांनाही ते तेव्हाच पहिल्यांदा कळलं असावं. सतरा वर्षांच्या संसारात. बाबांनी बिनपगारी रजेचा अर्ज केला.

ते गेले आणि आमच्या घराला एक वेगळंच महत्त्व आलं. पेठेत परदेशी गेलेली माणसं होती, पण ती अमेरिकेत. आफ्रिकेतल्या खेड्यात हापसे शिकवायला गेलेला एकच. लेलेकाकूंनी आळीत निरोप फिरवला आणि आठवड्यात आमच्या बाहेरच्या खोलीत जुन्या साड्या, स्वेटर, मुलांच्या चड्ड्या, टोप्या यांचा कमरेएवढा ढीग झाला. आईनं कौतुकानं ते पत्रात लिहायला सांगितलं. पत्र मी लिहायची. आईला वाचता येई, पण लिहायला बसलं की तिचा हात आखडायचा, म्हणून ती स्वयंपाक करता करता सांगे आणि मी आंतरदेशीय नव्हे, परदेशी जाणाऱ्या त्या निळ्या पातळ कागदावर बारीक अक्षरात उतरवून काढी. बाबांचं उत्तर महिन्यानं आलं. कपडे पाठवू नका, त्यांनी लिहिलं होतं. इथल्या बाजारात साहेबांच्या देशांतले जुने कपडे गठ्ठ्यांनी येऊन पडतात, त्यापायी इथला शिंपी रिकामा बसलाय. पाठवायचंच असेल तर वायसर पाठवा. राजधानीतून यायला चार-चार महिने लागतात. सोबत कागदावर वायसरचा गोल काढून, मापं लिहून पाठवला होता.

लेलेकाकूंना ते फार लागलं. “आम्ही आपलं मनापासून दिलं,” त्या म्हणाल्या. बापटकाका तिथेच होते. “मनापासूनच दिलंत हो, पण बोहारणीलासुद्धा आधी विचारतो आपण, की तुला काय हवंय,” असं म्हणाले आणि खाली निघून गेले. ढीग शेवटी बोहारणीलाच गेला आणि त्याबदल्यात आलेली पातेली काकूंनी वर्षभर आम्हाला दाखवली.

वायसरं करून दिली किसनमामांनी. ओंकारेश्वराकडच्या पुलाजवळ चपला शिवायला बसायचे. त्यांनी बाबांचं माप बघितलं, चामडं तेलात भिजवून लाकडी साच्यात दाबलं, चार वेळा बिघडलं, पाचव्यांदा बाबांनी लिहिलं की बरोबर बसलं. मग दर महिन्याला एक पुडकं. मामा म्हणायचे, “तिकडच्या बायांना सांगा, कोरडं ठेवू नका म्हणावं, चिरतं.” आणि माझ्यावर काम आलं चित्रांचं. बाबांना तिकडची भाषा येईना, बायकांना इंग्रजी येईना. त्यांनी लिहिलं, वंदनाची चित्रकला चांगली आहे, तिनं एकही अक्षर नसलेलं पुस्तक करावं, हापसा कसा उघडायचा, पाइप कसे वर ओढायचे, वायसर कसं बदलायचं, नुसत्या चित्रांत. बापटकाका म्हणाले, मी छापून देतो, पण चित्रं नीट पाहिजेत, पान्याच्या जागी पळी दिसता कामा नये.

आज मी हे लिहिते आहे ती धायरीतल्या चौथ्या मजल्यावर. खाली टँकर उभा आहे आणि सोसायटीतल्या दोन माणसांचं त्यावरून भांडण चाललंय. माझी मुलगी खराडीला कामाला आहे. ती तिकडच्याच कुठल्याशा विहिरींसाठी दर महिन्याला मोबाइलवरून मदत पाठवते, चहाचा कप हातात असताना, दोन बोटांनी. मी तिला हसत नाही. ते पोचतं, आणि आमच्या साड्यांपेक्षा जास्त उपयोगी पडतं. फक्त तिला कधी कधी सांगावंसं वाटतं, की द्यायचं काय ते शोधायला आम्हाला एक वर्ष लागलं, आणि त्या वर्षात मी जितकी आनंदात होते तितकी पुढे फारशी कधी नव्हते. सांगत नाही. सांगितलं तर पुढचंही सांगावं लागेल.

दुसऱ्या वर्षीच्या दिवाळीत माझी चित्रं अर्ध्यावर आली होती. हात काढायला मला जमायचं नाही, म्हणून मी आईला समोर बसवायची. पथकातल्या एका माणसानं जुना पाना आणून दिला होता. तो धरून आई बसायची, आणि बसल्या बसल्या मला कालवणात काय घालायचं ते सांगायची. त्या दिवशी पाइप वर ओढतानाचं चित्र होतं. दोन्ही हात डोक्याच्या वर हवे होते. आईनं उजवा नेला, डावा खांद्याशीच थांबला. मी म्हटलं, अजून वर. ती म्हणाली, एवढंच काढ. मी उठून तिचा हात धरून वर केला तेव्हा तिच्या तोंडातून जो आवाज निघाला तो मी कधी ऐकला नव्हता. ती बराच वेळ भिंतीला टेकून बसली. मग तिनं दार लोटून घेतलं आणि पोलक्याची बटणं काढली. गाठ लिंबाएवढी होती. वरची कातडी संत्र्याच्या सालीसारखी झाली होती.

“कधीपासून?” मी विचारलं.

“पोळ्याच्या आधीपासून असन.”

मी म्हणाले, बाबांना लिहू. तिनं माझं मनगट धरलं. “त्यांना काही कळवाचं नाही. ते आले तर पुन्हा जाणार नाहीत. मी ओळखून आहे त्यांना. दसऱ्याला येतात ना, तेव्हा पाहू.”

दसऱ्याला अजून अकरा महिने होते. मी सोळा वर्षांची होते, अगदीच अजाण नव्हते. मला कळत होतं की अकरा महिने फार होतात. मी भांडले, रडले, लेलेकाकूंना सांगेन म्हणाले. तिनं मला सरूची शपथ घातली. जिला मी पाहिलं नाही तिची शपथ मला का बांधून ठेवील? पण मी ती पाळली, आणि इथे मला एक गोष्ट लिहून टाकायची आहे, जी मी नवऱ्यालाही सांगितलेली नाही. शपथ हे पूर्ण कारण नव्हतं. बापटकाकांनी पुस्तकाच्या पहिल्या पानाचं मुद्रित आणून दाखवलं होतं. तळाशी बारीक टायपात ‘चित्रे : कु. वंदना’ असं होतं. बाबा परत आले असते तर ते पुस्तक निघालं नसतं. मी हे त्या वेळी शब्दांत मनाशी म्हटलं का? म्हटलं नाही. पण ते पान मी दिवसातून चार वेळा काढून बघायची.

तर मी पत्रं लिहीत राहिले. आता आई सांगायची कमी आणि मी रचायची जास्त. आईनं यंदा चकल्या केल्या, छान खुसखुशीत झाल्या. आई संक्रांतीला सारसबागेत आली होती. चकल्या लेलेकाकूंनी दिल्या होत्या आणि आई संक्रांतीला जिन्यापर्यंतही आली नव्हती. खोटं लिहायचं तर बारकावे लागतात हे मला तेव्हा समजलं. बाबांची उत्तरं आनंदाची यायची. इतका बोलका माणूस मला घरात कधी भेटला नव्हता. एका गावात बायकांनी त्यांना बाजूला बसवलं आणि स्वतः सगळे पाइप काढले. त्यांच्यात एलिसी नावाची एक विधवा होती, ती पाना तुझी आई पळी धरते तसाच धरते, असं त्यांनी लिहिलं होतं. माझं पुस्तक पोचलं तेव्हा बायकांनी पानं चुलीच्या धुरापासून दूर राहावीत म्हणून झाडाला टांगून ठेवली. हे पत्र मी आईला मोठ्यानं वाचून दाखवलं. ती उशीवर डोकं टेकून डोळे मिटून ऐकत होती. झाल्यावर म्हणाली, “पुन्हा वाच.”

माघात मी तिला एका डॉक्टरांकडे नेलं, तिची समजूत घालून की नुसतं दाखवू. डॉक्टर तरुण होते. त्यांनी मला बाहेर बोलावून विचारलं, मोठं कुणी नाही का बरोबर? मी म्हणाले, बाबा आफ्रिकेत आहेत. ते म्हणाले, बोलावून घ्या. मी हो म्हणाले. घरी येऊन त्या आठवड्याचं पत्र लिहिलं त्यात काखेत आलेल्या गाठींचं काही नव्हतं. होळीपर्यंत आईला धाप लागायला लागली. चिघळलेल्या गाठीचा खोलीत एक वास यायचा, तो झाकायला मी उदबत्त्या लावायची. तो कुणाला कळत नाही असं मला वाटत होतं.

बापटकाकांना कळला. ते भाड्याची पावती द्यायचं निमित्त करून वर आले, दारात उभे राहिले, आत बघितलं. मला खाली छापखान्यात बोलावून त्यांनी मशीन बंद करायला लावलं. दुपारची वेळ, कामगार बाहेर पाठवले.

“वडिलांना माहीत आहे?”

मी मान हलवली.

“नाही म्हणजे काय? दर आठवड्याला पत्र टाकायला तूच जातेस ना?”

मी सगळं सांगितलं, फक्त मुद्रिताचं सोडून. त्यांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. ते मला एका शब्दानं रागावले असते तर बरं झालं असतं. ते स्वतः तार ऑफिसात गेले. संस्थेच्या तिथल्या कार्यालयाला तार, आणि ट्रंक कॉल लावायचा प्रयत्न दोन दिवस. आईला रुग्णालयात नेलं. किसनमामा भेटायला आले ते बाहेरच्या बाकावर बसून राहिले, आत यायला त्यांना संकोच वाटत होता. आईला कळलं तेव्हा तिनं त्यांना बोलावून घेतलं आणि या महिन्याचं पुडकं गेलं का, एवढंच विचारलं. ते गेलं नव्हतं. मामा म्हणाले, गेलं.

तार कार्यालयात पोचली तेव्हा बाबा तिथून दोन दिवसांच्या वाटेवर होते. मोटार पाठवली ती नदीला पाणी असल्यामुळे अलीकडेच थांबली. निरोप पायी गेला. पुढे ट्रक, बस, दोन विमानं. आई गुढीपाडव्याच्या आदल्या दिवशी सकाळी गेली. त्याआधीचा अख्खा दिवस ती यवतमाळकडचं काही बोलत होती, दोर धर, दोर सोडू नको, असं. मी तिचा हात धरून होते, पण ती माझ्याशी बोलत नव्हती. अग्नी मी दिला. पेठेत त्यावरून कुजबुज झाली, आणि लेलेकाकूंनी, ज्यांच्याकडून मला ती अपेक्षा नव्हती, त्या कुजबुजणाऱ्यांना दारातून परत पाठवलं.

बाबा सातव्या दिवशी आले. काळे पडले होते, बारीक झाले होते, पायात टायरच्या चपला होत्या. रस्त्यात कुणीतरी त्यांना सांगितलं होतं, त्यामुळे मला ते सांगावं लागलं नाही. काकूंनी तांब्या दिला तो त्यांनी हातात धरून ठेवला. माणसं उठून गेल्यावर त्यांनी मला विचारलं, “तुला केव्हा कळलं?”

“दिवाळीत.”

त्यांनी तांब्या खाली ठेवला. खाली मशीन बंद होतं, बापटकाकांनी दहा दिवस ते चालूच केलं नाही.

“पत्रं तूच लिहीत होतीस.”

“हो.”

“अक्षर चांगलं आहे तुझं,” बाबा म्हणाले.

त्यानंतर ते माझ्याशी कामापुरतं बोलत राहिले. जेवायला वाढ, किल्ली कुठाय, उशीर होईल. परत मलावीला जायचं नाव त्यांनी काढलं नाही, सहा महिने बाकी होते तरी. पथकात रुजू झाले, सोमवारी जायचे, शनिवारी यायचे, हात स्वतःचे स्वतः धुवायचे. मी आईसारखा वडाभात करून पाहिला. त्यांनी खाल्ला, बरा झाला म्हणाले नाहीत, वाईट झाला म्हणाले नाहीत. आईनं शपथ घातली होती हे मी त्यांना सांगितलं होतं आणि त्यांनी ते मानलंही असावं, पण माणूस मेलेल्या बायकोवर रागावू शकत नाही, समोर असलेल्या मुलीवर रागावू शकतो. ते माझ्यावर रागावले होते असंही आज म्हणवत नाही. त्यांनी त्या पत्रांवर विश्वास ठेवला होता, आणि आता घरात कशावर विश्वास ठेवावा ते त्यांना कळत नव्हतं. मी नोकरीला लागले, चित्रकला शिकवायला लागले, तरी ते मी सांगितलेली वेळ घड्याळात बघून घ्यायचे.

आई गेली त्या वर्षीच्या पावसाळ्याच्या शेवटी तिकडून एक पाकीट आलं. बाबांनी शिक्का बघितला आणि ते न फोडता माझ्याकडे सरकवलं. पत्र तिथल्या शाळामास्तरांनी इंग्रजीत लिहिलं होतं, मजकूर एलिसीनं सांगितलेला. मी शनिवारी जेवणं झाल्यावर ते मराठीत करून वाचायला लागले. बाबा पाठ करून खिडकीशी बसले होते. तुम्ही घाईनं गेलात, निरोप घेता आला नाही, असं सुरुवातीला होतं. चर्चजवळचा हापसा बंद पडला होता. कुणाला बोलावलं नाही. सात पाइप काढले, वायसर बदललं, पुन्हा सोडले. वायसरं आता तीनच उरली आहेत. तुमची पत्नी आजारी असल्याचं कळलं, आम्ही रविवारी तिचं नाव घेतो, ती आता बरी झाली असेल. तिला आमचा नमस्कार.

मी थांबले. बाबा वळले नाहीत.

“सात पाइपांना किती वेळ लागला त्यांना?” त्यांनी विचारलं.

“लिहिलेलं नाही.”

“विचार.”

मी निळा कागद घेतला आणि टेबलाशी बसले. हापशाचं विचारायच्या आधी आई गेल्याचं लिहावं लागणार होतं, आणि ते इंग्रजीत कसं लिहायचं हे मला येत होतं, तरी पहिलं वाक्य लिहायला मला फार वेळ लागला. लिहून झाल्यावर बाबांनी हात पुढे केला. त्यांना इंग्रजी बेताचंच येई. त्यांनी बोट ठेवत एकेक शब्द वाचला, शेवटपर्यंत, आणि कागद घडी न घालता मला परत दिला.